खानावळीच्या मोरीपासून ड्रेनेजपर्यंत : तेल, तूप आणि चरबी कोठे व कशी अडवावी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येथील पारा बऱ्याचदा 12 अंशांच्या आसपास उतरतो. सांडपाण्याच्या जोडण्यांची कामे करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा हा सर्वांत धावपळीचा मोसम असतो. खानावळीमागचे चेंबर उघडावे, तर पाण्यावर चार बोटे जाडीचा पांढरट थर बसलेला असतो. त्यात भाताची शिते, चहाचा चोथा आणि घासणीचे तंतू रुतलेले असतात आणि काठीने ढोसले तरी तो सहजासहजी फुटत नाही. मालक सांगतात की गेल्या आठवड्यापर्यंत सारे व्यवस्थित चालले होते. त्यांचे म्हणणे खोटे नसते, कारण हा थर पाइपच्या आतल्या अंगाला कित्येक महिने चढत असतो आणि पाणी जाण्यापुरती वाट उरली आहे तोवर वर कोणालाही काही जाणवत नाही.

खानावळी, हॉटेले, मिठाईची दुकाने, मंगल कार्यालये आणि साधी घरे या सर्वांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढील माहिती लिहिली आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: स्निग्ध पदार्थ पाण्याला मिळण्याआधी, भांडे कोरडे असतानाच अडवला पाहिजे. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातील तेल-चरबी अडवणारी टाकी, आवश्यक आहे, पण तो दुसरी फळी आहे; पहिली फळी भांडी घासणाऱ्याच्या हातात असते.

पाइपमध्ये नेमके काय घडते

सगळे स्निग्ध पदार्थ सारखे वागत नाहीत. मटणाची चरबी 45 अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागते, वनस्पती तूप 31 ते 41 अंशांच्या दरम्यान वितळते, आणि खोबरेल 24 अंशांखाली गोठते हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. तांबड्या रश्श्याचे पातेले कढत पाण्याने विसळले की चरबी मोरीतून सहज निघून गेलेली दिसते, परंतु जमिनीखालच्या गार पाइपमध्ये दहा-पंधरा फूट जाईपर्यंत ते पाणी निवते आणि चरबी तेथेच पाइपला चिकटते. म्हणजे गरम पाण्याने अडचण दूर होत नाही. ती आपल्या अंगणातून शेजाऱ्याच्या किंवा गल्लीच्या चेंबरपर्यंत पुढे सरकते.

शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही, म्हणून ते सोडले तरी चालेल असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तेल तळणीत वारंवार तापले आणि अन्नातील पाण्याशी त्याचा संबंध आला की त्यातून मुक्त मेदाम्ले सुटतात; ड्रेनेजमधील जीवाणूही हेच काम करतात. ही मेदाम्ले सिमेंटच्या पाइपमधून आणि जड पाण्यातून येणाऱ्या कॅल्शियमशी संयोग पावली की चुन्याचा साबण तयार होतो. हा साबण फेस देत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. तो दगडासारखा कडक होत जातो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये ही प्रक्रिया प्रयोगाने दाखवून दिली. म्हणून भज्यांचे जुने, काळे तेल हे ताज्या तेलापेक्षा पाइपला अधिक घातक असते. याची परिसीमा लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये पाहायला मिळाली. तेथे भुयारी गटारात सुमारे 250 मीटर लांबीचा आणि 130 टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला आणि तो काढायला कित्येक आठवडे लागले.

पाणी लागण्याआधीचे काम

भांडे मोरीवर जाण्यापूर्वी त्यातील खरकटे वेगळ्या बादलीत काढावे, मग भांड्याच्या कडेला व तळाला चिकटलेले तेल रबरी पट्टीने किंवा चपट्या उलथन्याने निपटून घ्यावे, आणि राहिलेला ओशटपणा जुन्या वर्तमानपत्राने पुसून टाकावा. मोठ्या कढईसाठी मूठभर लाकडाचा भुसा किंवा चुलीची चाळलेली राख टाकून ती फिरवली तर कागदापेक्षा चांगले काम होते. मात्र ही राख किंवा भुसा ओल्या कचऱ्याच्या डब्यात जायला हवा, मोरीत नव्हे, कारण राख पाइपमध्ये बसली की ती चरबीला धरून ठेवणारी खडी ठरते. या एवढ्या कामाला एका पातेल्यामागे अर्धे मिनिट लागते. जे मालक हे अर्धे मिनिट कामगाराला देत नाहीत आणि वर घाईने भांडी मागतात, त्यांच्याकडे कितीही मोठा ट्रॅप बांधला तरी तो महिनाभरात भरतो.

पदार्थानुसार पद्धत थोडी बदलते. मिसळीचा कट उरला तर तो मोरीत उलटू नये. तो निवू द्यावा, वर आलेली तर्री पळीने काढून तेलाच्या डब्यात टाकावी आणि खालचा रस्सा ओल्या कचऱ्यात द्यावा. मटणाचा रस्सा असेल तर काम आणखी सोपे आहे, कारण रात्रभर ठेवल्यावर चरबी आपोआप वर थिजते आणि झाऱ्याने अखंड पापुद्र्यासारखी निघते. कुंदा ही दुधाची मिठाई करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या कढईला लागलेली खरवड ही दुधाची स्निग्धता, प्रथिने आणि साखर यांचे मिश्रण असते; ती पाण्यात गेली की काही तासांत आंबते, दुर्गंधी सुटते आणि ट्रॅपमधील पाणी आम्लयुक्त होऊन सिमेंटचे प्लास्टर खाऊ लागते. त्यामुळे कुंद्याची कढई कोमट असतानाच खरवडून घ्यावी. पूर्ण गार झाल्यावर ती खरवड सुटत नाही आणि मग कामगार नाइलाजाने उकळते पाणी ओततो.

मोरीच्या तोंडाशी बारीक छिद्रांची, उचलता येणारी पोलादी जाळी असावी. ती प्रत्येक वेळच्या भांड्यांनंतर झटकली पाहिजे, नाहीतर पाणी तुंबते म्हणून कोणीतरी ती कायमची काढून ठेवतो. असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

सीमाभागातील स्वयंपाकघरात मराठी, कन्नड, कोकणी आणि हिंदी बोलणारी माणसे शेजारी-शेजारी काम करतात. मालकाने सूचना एकाच भाषेत लिहून भिंतीला लावली तर निम्म्या हातांपर्यंत ती पोहोचत नाही. ‘मोरीत तेल ओतू नका’ या ओळीखाली ‘चरंडियल्ली एण्णे हाकबेडी’ ही ओळ कन्नड लिपीत लिहावी, आणि दोन्हींच्या शेजारी तेलाच्या डब्याचे चित्र काढावे. नवा कामगार आला की पहिल्या दिवशी त्याला प्रत्यक्ष पुसून दाखवावे. पाटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

वापरलेले तळणीचे तेल हा स्वतंत्र विषय आहे, कारण त्याला किंमत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल वारंवार तापून बिघडल्याने तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल स्वयंपाकासाठी वापरता येत नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्याकडे दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरले जाते, त्यांना वापराची आणि विल्हेवाटीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. लहान गाडीवाल्यानेही पंधरा किलोचा रिकामा डबा झाकण लावून ठेवावा, तेल पूर्ण निवल्यावर गाळून त्यात ओतावे, डब्यात पाणी किंवा ट्रॅपमधला मैला मिसळू देऊ नये आणि डबा भरला की नोंदणी असलेल्या संकलकालाच द्यावा. विचारपूस न करता रोख पैसे देऊन काळे तेल नेणाऱ्याला ते देऊ नये. ते पुन्हा कोणाच्या तरी कढईत येण्याची शक्यता असते.

ग्रीस ट्रॅपची रचना

ट्रॅपचे तत्त्व साधे आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असते, त्याची घनता सुमारे 0.92 भरते, पाणी पुरेसा वेळ शांत राहिले तर तेल वर येते, जड कण खाली बसतात आणि मधले पाणी पुढे सोडता येते. म्हणून ट्रॅपचा आकार ठरवताना प्रश्न एवढाच असतो की गर्दीच्या वेळचे पाणी त्यात किती वेळ थांबते. बाहेर जमिनीत बांधायच्या टाकीसाठी अर्धा तास हा अंदाज धरून चालावे.

समजा, खानावळीत भांडी घासण्याच्या दोन नळांतून मिनिटाला प्रत्येकी 12 लिटर आणि मोठ्या पातेल्यांच्या नळातून 16 लिटर पाणी येते. तिन्ही एकदम चालू असताना मिनिटाला 40 लिटर, म्हणजे अर्ध्या तासाला 1200 लिटर पाणी झाले. आतून दीड मीटर लांब, 80 सेंटीमीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली ठेवली की बरोबर 1200 लिटर क्षमता मिळते. लांबी रुंदीच्या साधारण दुप्पट असावी, कारण चौरस टाकीत पाणी सरळ आडवाटेने बाहेर पळते. नळाचा अंदाज कागदावरून घेऊ नये. बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे.

टाकीत येणारा पाइप टी-जोडाने (इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या जोडाने) खाली वळवून पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे 30 सेंटीमीटरपर्यंत न्यावा, म्हणजे पडणारे पाणी वरचा थर घुसळत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपचा टी त्याहून महत्त्वाचा आहे: त्याचे खालचे तोंड तळापासून 30 ते 35 सेंटीमीटर उंचीवर हवे, जेणेकरून ते वरचे तेलही उचलणार नाही आणि खालचा गाळही. दोन्ही टी-जोडांची वरची तोंडे उघडी, पण झाकणाखाली हात घालून साफ करता येतील अशी ठेवावीत. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा पाच ते सात सेंटीमीटर उंच असावा. निपाणीजवळच्या महामार्गावरील एका धाब्यासाठी दुसऱ्याने बांधलेली टाकी मला एकदा तपासायला बोलावले होते. टाकी भक्कम होती, मात्र बाहेरचा पाइप टी न लावता सरळ वरून काढला होता, त्यामुळे तिच्यातून सर्वांत आधी तेलच बाहेर जात होते. दोन-तीनशे रुपयांचा एक जोड वाचवण्यापायी सगळा खर्च वाया गेला होता.

या टाकीत शौचालयाचे पाणी कधीही आणू नये. छताचे किंवा अंगणाचे पावसाचे पाणीही येऊ देऊ नये. आपल्याकडच्या जुलैतल्या एका जोरदार सरीत महिन्याभरात साठलेले सारे तेल धुऊन पुढे जाते. टाकी स्वयंपाकघराबाहेर, शक्यतो सावलीत, विहीर व बोअरपासून दूर आणि सक्शन गाडीची नळी पोहोचेल अशा जागी असावी. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी लगेच पुढे एक लहान तपासणी चेंबर बांधावे. त्या चेंबरमध्ये तवंग दिसला तर ट्रॅप निकामी झाला आहे, असे निःशंक समजावे.

बेसिनखाली बसवायचे 40-50 लिटरचे तयार डबे मिळतात. जागा नसेल तर तेही चालतात, परंतु त्यांत पाणी एक-दोन मिनिटेच थांबते; म्हणून ते रोज किंवा एक दिवसाआड उपसावे लागतात आणि त्यांत कढत पाणी सोडून चालत नाही.

जीवाणूंची पावडर, ‘चरबी खाणारी’ द्रावणे, कॉस्टिक सोडा यांविषयी नेहमी विचारले जाते. साबण आणि कॉस्टिक चरबीचे बारीक थेंब करून किंवा तिचा मऊ साबण करून ती ट्रॅपमधून पुढे ढकलतात, जेथे ती पुन्हा घट्ट होते. शिवाय कॉस्टिकने कातडी भाजते आणि ॲल्युमिनियमची भांडी गळतात. मी माझ्या कामात ही द्रव्ये वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. उपसण्याला पर्याय नाही.

जेथे भुयारी गटार नाही

खानापूर तालुक्यातील गावांत किंवा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत सांडपाणी सेप्टिक टाकीत, शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जाते. तेथे चरबीचे नुकसान अधिक लवकर दिसते. सेप्टिक टाकीत ती जाड साय धरते आणि तिच्यातून सुटलेली चरबी शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रे बुजवते. एकदा बुजलेला खड्डा धुऊन मोकळा होत नाही, नवाच खणावा लागतो. खानापूरकडच्या जांभ्यात पाणी बरे मुरते, पण बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानात माती मुळातच पाणी धरून ठेवते, म्हणून तेथे थोडी चरबीही पुरेशी होते. घरच्या मोरीसाठी झाकण असलेला 50 लिटरचा प्लास्टिकचा पिंप, वर सांगितल्याप्रमाणेच दोन टी-जोड लावून, शोषखड्ड्याच्या आधी बसवावा आणि दर आठवड्याला त्याची साय काढावी.

जत्रेच्या वेळी घरोघरी मटण शिजते आणि एका दिवसात वर्षभराची चरबी गावच्या गटारात जाते. अशा वेळी दर गल्लीत एक उघडा पिंप भुसा किंवा वाळलेले उसाचे चिपाड अर्धे भरून ठेवावा आणि रश्श्याची उरलेली चरबी त्यातच ओतावी असे ठरवून घ्यावे. मंगल कार्यालयांनी तर आचाऱ्याशी बोलणी करतानाच, तेल-तूप त्याने परत न्यायचे की डब्यात ठेवायचे, हे लिहून घ्यावे. कार्यानंतर आचारी निघून जातो आणि मोरीपाशी कोणीच उरत नाही.

तुंबल्यावर

पाइप तुंबला की ॲसिड ओतू नये आणि लोखंडी सळईने पाइप फोडू नये. जेटिंग मशीनने पाण्याचा झोत खालच्या चेंबरकडून वरच्या बाजूस मारावा आणि सुटलेली चरबी त्याच खालच्या चेंबरमध्ये जाळीवर धरून सक्शनने उचलावी. नुसती पुढे लोटून दिली तर पुढच्या वळणावर ती पुन्हा बसते.

चेंबरमध्ये किंवा ट्रॅपमध्ये माणूस उतरवायचा नाही, ही एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला बजावून सांगतो. कुजणाऱ्या चरबीतून आणि मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण होतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही’ म्हणून उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. गटारे व सेप्टिक टाक्या यांची धोकादायक साफसफाई माणसाकडून करवून घेणे 2013 च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि अशा मृत्यूची नुकसानभरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. पैशाने तो माणूस परत येत नाही. आपण पातेले पुसण्याचा कंटाळा करतो, तेव्हा तो भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, याचा विचार प्रत्येक स्वयंपाकघराने करावा असे मला मनापासून वाटते.

ट्रॅप कधी आणि कसा उपसावा

ठरावीक तारखेला उपसण्यापेक्षा मोजून उपसावे. वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळ यांची बेरीज पाण्याच्या खोलीच्या 25 टक्के झाली, म्हणजे एक मीटर खोलीत 25 सेंटीमीटर झाली, की ट्रॅप भरला. मोजण्यासाठी टोकाला इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली काठी वरच्या थरातून खाली घालावी, अर्धी फिरवावी आणि हळूहळू वर ओढावी. थराचा तळ हाताला लागतो, तेथे खूण करावी. गाळासाठी दुसऱ्या काठीला पांढरे जाड कापड गुंडाळून ती तळापर्यंत टेकवावी, दोन मिनिटांनी काढावी आणि काळा डाग किती उंचीपर्यंत आला ते पाहावे. पहिले दोन महिने दर आठवड्याला असे मोजून वहीत लिहिले की आपल्या खानावळीचा ट्रॅप किती दिवसांनी भरतो हे निश्चित कळते. कोठे ते पंधरा दिवस निघतात, कोठे दीड महिना. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात हा कालावधी कमी होतो.

उपसण्याचे काम सकाळी, भांडी सुरू होण्याआधी ठेवावे. झाकणे उघडून अर्धा तास वारा लागू द्यावा आणि जवळ विडी-सिगारेट पेटू देऊ नये. सक्शन गाडीने नुसता वरचा थर ओढून नेला तर गाळ तसाच राहतो, म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी. भिंतींना चिकटलेली चरबी बाहेर उभे राहूनच लांब दांड्याच्या खरवडणीने पाडावी आणि तीही ओढून घ्यावी. दोन्ही टी-जोड तपासावेत, कारण निखळलेला टी उपसतानाच दिसतो. गाडीवाल्याने मैला कोठे नेऊन रिकामा केला याची पावती मागावी. पुढच्या वळणावरच्या नाल्यात तो ओतला गेला तर एवढे सारे करून आपण फक्त जागा बदलली असे होते, आणि शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी पिकांत शिरते तेव्हा त्याचा त्रास शेतकऱ्याला होतो.

टाकी रिकामी झाल्यावर लगेच भांडी सुरू करू नयेत. आधी साधे थंड पाणी सोडून ती बाहेरच्या पाइपच्या पातळीपर्यंत भरून घ्यावी. रिकाम्या टाकीत बाहेरच्या टी-जोडाचे तोंड उघडे असते, आणि पाणी चढत असताना त्यावर तरंगणारे पहिल्या पातेल्यांचे तेल त्या तोंडाशी पोहोचले की थेट टी-जोडात शिरते. टाकी भरताच ते सरळ ड्रेनेजमध्ये जाते.